काट्यांच्या बागेत

चंदीगडला गेलेले पर्यटक रॉक गार्डन पाहून परततात. शेजारच्या पंचकुल्यातली सात एकरांची निवडुंगाची बाग राहूनच जाते. डॉ. जे. एस. सरकारिया यांच्या ध्यासातून १९८७ मध्ये ती उभी राहिली. चेंडूसारखे, खांबासारखे, पांढरी लोकर पांघरलेले निवडुंग पाहताना अवखळ मुलंही हात आवरून चालतात! पण खरं थांबावं ते कॅरालुमापाशी. आपल्या माळरानावरचं हे माकडशिंग. त्याच्या काही जाती आता दुर्मीळ झाल्या आहेत. इथं त्या जपल्या जातात.

या झाडांचा वैरी ऊन नव्हे, मुळाशी साचलेलं पाणी. घरी लावाल तर मातीत जाड वाळू आणि खडी मिसळा, वाफा उंच करा. माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नको. पावसाळ्यात तर झारी अडगळीतच ठेवा.