जरा सरकून घ्या

२०२५ साली गुढीपाडवा रविवारी, ३० मार्चला आला आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी ईद झाली. शनिवार धरला तर सलग तीन दिवसांची सुट्टी. पुण्यात नोकरी करणारी विदर्भातली जणू सगळीच मुलं एकाच रात्री घराकडे निघाली. त्यांत आमचा थोरलाही होता.

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. आधी ही मुदत १२० दिवसांची होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती कमी झाली. म्हणजे २९ मार्चच्या गाडीची तिकिटं २८ जानेवारीलाच मिळू लागली होती. तेव्हा रजबचा महिनाही संपला नव्हता. ईद ३० मार्चला, ३१ ला की १ एप्रिलला, हे त्या दिवशी कोण सांगणार? पाडव्याची तारीख कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेली असते. आपली ईद चंद्र दिसल्यावर ठरते. रमजानचा चंद्र दिसला, रोजे सुरू झाले, तेव्हा कुठे मुलाने तारखेचा हिशेब करून तिकीट काढलं. मिळालं ते वेटिंगचं. रोज इफ्तारनंतर फोनवर त्याचा पहिला शब्द असायचा, “अम्मी, अजून पंचवीस पुढे आहेत.” मग एकोणीस, मग चौदा. चार्ट लागला तेव्हा अकरा उरले आणि तिकीट आपोआप रद्द झालं.

मी म्हटलं, “नको येऊस बेटा. जीव धोक्यात घालून ईद करायची नसते.” तो म्हणाला, “दादीला काय सांगू?”

त्याच्या दादीचं वय ब्याऐंशी. तिने रमजानच्या पहिल्या दिवसापासून शेवया, खारका, चारोळी यांचा हिशेब मांडला होता, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी “वो आएगा तब” असं जोडत होती. त्यापुढे मी काही बोलले नाही.

तो जनरलच्या डब्यात चढला. चढला म्हणण्यापेक्षा मागच्या लोकांनी त्याला आत ढकललं. सामान ठेवायच्या फळीवर माणसं, दारात माणसं, संडासात चौघे. त्याचा अठ्ठाविसावा रोजा होता. पाण्याची बाटली पाठीवरच्या बॅगेत, आणि हात वर न्यायलाही जागा नाही. दौंड यायच्या आत इफ्तारची वेळ झाली. त्याने मोबाईलमध्ये वेळ पाहिली आणि बॅगेकडे हात न्यायचा प्रयत्न केला. समोरच्या बाकावर पुलगावकडचं एक जोडपं बसलं होतं, पाडव्याला गावी निघालेलं. त्या बाईंनी विचारलं, “दादा, रोजा आहे का तुमचा?” त्याने मान हलवली. त्यांनी स्वतःची बाटली पुढे केली, डब्यातून केळं काढून दिलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, जरा सरकून घ्या.” चौघांच्या बाकावर आधीच सहा जण होते. तरी सातव्यासाठी वीतभर जागा झाली.

मनमाडपर्यंत त्या वीतभर जागेवर तो बसला. पुढे तो उठला आणि एका म्हाताऱ्याला तिथे बसवलं. सहरीच्या वेळी खाली उतरणं शक्यच नव्हतं. रविवारी सकाळी धामणगावला उतरला तेव्हा शर्टाची दोन बटणं तुटलेली आणि चेहरा उतरलेला. आम्ही यवतमाळकर मुंबई-पुण्याच्या गाडीसाठी धामणगाव, बडनेरा नाहीतर वर्धा गाठतो. घरी येताना वाटेतल्या गावांत दारोदारी गुढ्या उभ्या होत्या. तो गप्प होता. दादीने कारण विचारलं, तर म्हणाला, आज रोजा राहिला. दादी म्हणाली, “मुसाफिराला अल्लाहने सवलत दिली आहे, ती घ्यायला लाजू नकोस. ईदनंतर कझा कर.” संध्याकाळी गच्चीवरून त्यानेच तिला चंद्र दाखवला.

रात्री शेवया भाजताना त्याने मला त्या बाईंची गोष्ट सांगितली. सांगता सांगता सहज म्हणाला, “अम्मी, तुला मुंबईहून येतानाची ती बाई आठवते?”

मला आठवत होती. तो तेव्हा चार वर्षांचा होता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईहून परतत होतो, बर्थ पक्के होते. कल्याणला एक बाई कडेवर तान्हं मूल घेऊन आमच्या डब्यात शिरली. तिकीट जनरलचं, पण तिकडे पाय ठेवायला जागा नव्हती. तिने माझ्या पायांशी टेकू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, “हमारा रिझर्वेशन है,” आणि पाय लांब केले. ती संडासाजवळ अकोल्यापर्यंत उभी होती. मुलाने रात्री विचारलं होतं, “अम्मी, त्या बाळाला झोप येत नाही का?” मी त्याला चादर पांघरून गप्प केलं. मला वाटलं होतं, तो विसरला असेल.

नियमाने मी बरोबर होते, त्यात शंका नाही. पण कुरआनमध्ये, सूरह मुजादिलात, मजलिसमध्ये दुसऱ्याला जागा करून द्या, अल्लाह तुमच्यासाठी जागा करील, अशा आशयाचा आदेश आहे. तो मी कितीदा वाचला होता. रेल्वेचा डबाही एक मजलिसच आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही. माझ्या मुलाला जागा मिळाली ती एका अनोळखी हिंदू भगिनीकडून, तिच्या सणाच्या आदल्या रात्री.

माझं माहेर दारव्ह्याचं. लहानपणी ईदला आम्ही नानीकडे मूर्तिजापूरला जायचो, ते शकुंतलेने. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची ही अरुंद रुळांची गाडी इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी सुरू केली होती. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. गार्ड उतरून तिकिटं द्यायचा आणि धावत येणाऱ्या माणसासाठी गाडी थांबायची. वेळ फार लागायचा, पण गरिबाला परवडायची. काही वर्षांपूर्वी तीही बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्या ईदला मात्र आम्हाला धामणगावच गाठावं लागलं.

परतीचं तिकीट पक्कं होतं, मंगळवारचं. आदल्या रात्री, पाहुणे जेवत असताना, गाडी रद्द झाल्याचा मेसेज आला. पैसे पूर्ण परत मिळाले. पण बुधवारी कामावर हजर व्हायचं होतं. खासगी बसचं भाडं विचारलं, ते नेहमीच्या अडीचपट. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं खासगी बसला घेता येत नाही, असा राज्य सरकारचा २०१८ चा नियम आहे. पण सणाच्या रात्री तो दाखवायचा कोणाला? शेवटी तो एसटी बदलत संभाजीनगरमार्गे गेला. दुपारी पोचला, अर्ध्या दिवसाचा पगार गेला.

या अनुभवातून शिकलेलं वाचक भगिनींना सांगते. ईदच्या संभाव्य तीनही तारखा धरून साठाव्या दिवशीच तिकीट काढावं, चंद्राची वाट पाहू नये. ऑनलाइन वेटिंग तिकीट पक्कं झालं नाही तर ते आपोआप रद्द होतं. खिडकीवरचं वेटिंग तिकीट आरक्षित डब्यात चालत नाही. गाडी रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप येतात, खिडकीवरचं तिकीट मात्र मुदतीत परत करावं लागतं. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि प्रवास करायचा नसेल, तरी पूर्ण पैसे मिळतात. ईदला जादा गाड्या मागण्यासाठी आपल्या अंजुमन आणि जमातींनीही आधीच अर्ज द्यायला हवेत. आपण मागतच नाही, मग मिळणार कसं?

मे महिन्यात मी नणंदेकडे नाशिकला गेले. बर्थ पक्का होता. बडनेऱ्याला एक शाळकरी मुलगी आणि तिची आजी दाराशी उभ्या दिसल्या. मी पाय गोळा केले आणि म्हटलं, “आजी, इथं या.”