आठवा कुऱ्हाडे

माझ्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा २०२३ साली संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला आणि चौदा महिने घरी बसला. त्याला इंजिनिअरिंगला घालण्याचा सल्ला माझाच. आमच्या पिढीतल्या मास्तरांच्या मनावर २००० सालाचा ठसा आहे. जुन्या प्रोग्रॅमांत वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले. ते दुरुस्त करायला माणसे हवी होती आणि ओळखीपाळखीतली पोरे बघता बघता अमेरिकेला गेली. ‘संगणक शिकला की भाकरीची ददात नाही’ हे वाक्य मी पुढे वीस वर्षे पालकसभेत ऐकवले. २०२२-२३ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी माणसे कमी केली, नव्यांची भरती आखडती घेतली, तेव्हा ते वाक्य माझ्या घशात अडकले.

मुलाचे वडील शाळेत आले. वडगावात त्यांचे दोन माग. म्हणाले, “बँकेचे हप्ते सुरू झाले ओ सर. तुम्ही म्हणालासा म्हणून घातला पोराला तिकडं.” आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावले, बायोडाटा पाहिला. सी, जावा, पायथन अशा अकरा भाषा आणि नऊ प्रमाणपत्रे. पुढे ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ नावाचा प्रकल्प. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या की पाठांतर वासावरून कळते.

“हा कुठल्या ग्रंथालयात चालतो रे?”

“कुठंच नाही सर. सगळेच हाच करतात.”

मी मराठीचा एम.ए., मला त्यातले काय कळणार! पण शाळेत एक खरे दुखणे होते. कोल्हापूर-इचलकरंजीकडे स्थायिक झालेले माजी विद्यार्थी जुन्या दाखल्यांसाठी येतात आणि कारकून जनरल रजिस्टरचे जीर्ण खंड उलथेपालथे करतात. नोंदी दोघांनी संगणकावर चढवल्या होत्या, तरी नावे सापडत नसत. ‘कुऱ्हाडे’ शोधले की चार मिळायचे. कारकुनाने हाताने मोजले तर सात. म्हटले, हे बघ जमते का.

आठवडाभराने तो उजळ चेहऱ्याने आला. दोष आमच्या अर्ध्या ‘र’चा निघाला. वर्गात मी ज्याच्यावर तासभर बोलतो तोच: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्यांना दक्षिणा द्यावी आणि आचाऱ्यांना मजुरी. हा ‘र’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि मागे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती निराळी नावे. दोन टंकलेखक, दोन कळफलक, म्हणून चार आणि तीन. त्याने पायथनमध्ये दोन्ही तऱ्हा एक करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. साठ नावांची यादी केली आणि प्रत्येक बदलानंतर ती तपासायची असा नेम ठेवला. मग जगभरचे प्रोग्रॅमर जिथे आपले काम मांडतात त्या गिटहबवर सारे ठेवले, अडचण काय होती ते साध्या इंग्रजीत लिहून. ते इंग्रजी आम्ही दोघांनी तीनदा खोडले. अकरा भाषांची यादी चारवर आणली. कापताना त्याला वाईट वाटले, हे मला दिसत होते.

यानेही लगेच दार उघडले असे नाही. पहिल्या दोन मुलाखतींत कोडी घालतात तसले प्रश्न आले नि तो गडबडला. तो सराव वेगळाच करावा लागतो, रोजच्या रोज. तिसरी पुण्यात. प्रोग्रॅमचा सांगाडा हल्ली यंत्रच लिहून देते, तेव्हा त्यांनी विचारले, यात तुझे काय? याने कुऱ्हाडेंची गोष्ट सांगितली. दुरुस्ती करताना दुसरे नाव बिघडले नाही हे कशावरून, असे विचारताच साठ नावांची यादी दाखवली. चाळीस मिनिटे तेच चालले होते म्हणे. पगार बेताचा, पण नोकरी लागली. वडिलांनी कुंदा आणून दिला, हप्त्यांचा विषय काढला नाही.

यंदा जूनमध्ये इचलकरंजीहून एक वृद्ध गृहस्थ आले. आडनाव कुऱ्हाडे, प्रवेश १९६४. संगणक म्हणे, नाहीत. रजिस्टरच्या फाटक्या पानावर मात्र होते. टंकलेखकाने ‘कुर्हाडे’ असे रफार देऊन चढवलेले, आणि मोजताना ते पान कारकुनाच्याही नजरेतून निसटलेले.

मी पुण्याला फोन लावला. पलीकडे क्षणभर शांतता.

“रफार, सर?”

“रफार.”

“पण रफार आणि तो ‘र’ एकच धरले, तर दर्या आणि दऱ्या एक होतील की!”

मला काही उत्तर सुचले नाही. रविवारी बसतो म्हणाला.