काश्मिरी गेट ते करोलबाग : जुन्या गाडीची पारख

दिल्लीत काश्मिरी गेटला मेट्रोतून वर आले, की १८३६ सालचे सेंट जेम्स चर्च शोधण्याआधीच मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार आपल्याला गाठतो. दुकानांच्या दारांवर बंपर टांगलेले, फळ्यांवर क्लच प्लेटा रचलेल्या, आणि त्यातून वाट काढणारे हमाल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी इथे गेलो तो मावसभावासोबत. नाशिकला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आणि मग चार वर्षे गॅरेजमध्ये हात काळे केल्यावर त्याने ठरवले होते, की जुनी गाडी घ्यायची, स्वतः दुरुस्त करायची आणि विकायची. खिशात दोन लाख चाळीस हजार. त्यातले निम्मे बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून आणलेले.

त्यासाठी दिल्लीच का? इथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली होती. (२०२५ मध्ये त्यात काही सवलत मिळाली.) त्यामुळे नऊ वर्षांच्या डिझेल गाडीला तेव्हा दिल्लीत फारसे कुणी विचारत नसे.

सोबत ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांनी आधी दुकानांतून नुसते भाव विचारत फिरवले. "गाडी पैसा बेचते वक्त नहीं, खरीदते वक्त देती है," ते म्हणाले. कोणता भाग केवढ्याला पडतो हे ठाऊक नसेल, तर गाडीची किंमत ठरवणार कशी?

दुपारी करोलबागेत गेलो. (सोमवारी जाऊ नका, बाजार बंद असतो.) एक चंदेरी गाडी एक लाख नव्वद हजाराला होती. भाऊ हरखला. मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गरम! म्हणजे आमच्या आधीच कुणी चालू करून ठेवले होते. थंड इंजिन सुरू होताना जी कुरकुर करते, ती आता ऐकू येणार नव्हती. मग ऑइलचे झाकण उघडले. तिथे भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, दुधासारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी. दोन्ही नव्हते. पत्र्यावर लोहचुंबक फिरवले. रंगाखाली लांबी भरलेली असेल तिथे ते नीट धरत नाही. इथे सगळीकडे धरले.

शेवटी त्यांनी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. टोकाशी वाळक्या चिखलाची तपकिरी रेघ!

जुलै २०२३ मध्ये यमुनेने २०८.६६ मीटरची विक्रमी पातळी गाठली, तेव्हा काश्मिरी गेट परिसरातही पाणी शिरले होते. ही गाडी त्याच पाण्यात बुडाली की आणखी कुठल्या, कोण सांगणार? पण बुडालेल्या गाडीच्या वायरिंगचे जोड हळूहळू गंजतात आणि काही महिन्यांनी सेन्सर दगा देऊ लागतात.

भाऊ हळूच म्हणाला, "बेल्ट बदलला, जोड साफ केले, तर कुणाला कळणार?"

मिस्त्री हसले नाहीत. "तुझे तो पता है."

दुरुस्तीची विद्या ही अशी दुधारी असते. दोष काढणारा हातच दोष झाकूही शकतो. भाऊ बराच वेळ गप्प राहिला, मग त्याने पैशांची पिशवी पुन्हा शर्टाच्या आत सरकवली.

दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांची एक डिझेल गाडी मिळाली. रंग उडालेला, क्लच संपलेला, पण इंजिन थंड असताना एका किल्लीत सुरू झाले. भाव ठरला १,६०,०००. क्लच, शॉकअॅब्सॉर्बर आणि दोन टायर मिळून २४,००० लागले. दिल्ली आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, नाशिकपर्यंतचे डिझेल आणि महाराष्ट्रात नव्याने भरलेला रस्ता कर धरून आणखी ३८,०००. अडीच महिन्यांनी गाडी २,४५,००० ला गेली. हातात उरले २३,०००, त्यातही स्वतःची मजुरी धरलेली नाही.

हा धंदा नियमित करायचा, तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. भावाने आता त्यासाठी अर्ज केला आहे. पाटल्या सोडवून झाल्या आहेत. गाडी देताना त्याने गिऱ्हाइकाच्या हातात बदललेल्या भागांची सगळी बिले ठेवली आणि काय बदललेले नाही, तेही सांगितले. तेच गिऱ्हाईक पुढे आपल्या मेव्हण्याला घेऊन आले.

आणि मी? हल्ली कुठल्याही टॅक्सीत बसलो, की आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो.