पाय टेकतान का गो?

माहुल ते दिघी : प्रवासाची दैनंदिनी, भाग दुसरा

गुरुवार, माहुल

मागचा भाग शोरूमच्या दारात संपला होता. तिथल्या पोराने मला नखशिखान्त पाहिलं (पाच फूट एक इंच, त्यामुळे वेळ फार लागला नाही) आणि म्हणाला, "मॅडम, स्कूटरमध्ये पण छान कलर आलेत." शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण हेच वाक्य मी तीन ठिकाणी ऐकलं आणि तिन्ही पोरं स्वभावाने चांगली होती. एकाने जरी गाडीवर बसवून पाहिलं असतं, तरी हा प्रवास घडला नसता.

शेवटी घाटल्याचा मावसभाऊ कामी आला. त्याची अ‍ॅव्हेंजर 220 क्रूझ चार दिवस माझ्याकडे. अट एकच, "पाडलीस तर सांग, लपवू नको."

बाने आधी माप घ्यायला लावलं. बाची हयात होडीवर गेली, मापाशिवाय त्याला काही सुधरत नाही. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून खोगिरासारखं वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची. शाळेतून आणलेला शब्दकोश शेवटी या कामाला आला. खूण जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर. एवढे माझे पाय.

आता गाड्यांकडे बघा. बुलेट आणि क्लासिक 350 ची सीट 805 मिलिमीटरवर, मीटिअर 350 ची 765, अ‍ॅव्हेंजरची 737. जिला कुणी उंच म्हणत नाही ती स्प्लेंडरही 785. कागदावर एकही गाडी माझी नाही. पण कागदावरची उंची रिकाम्या सीटची असते. माणूस बसला की शॉकअप दबतो, बुटाचा तळवा दोनेक सेंटिमीटर देतो आणि तेवढंच सीटची रुंदी परत घेते, कारण मांड्या फाकल्या की पाय तोकडे होतात. सीट पुढे निमुळती असेल तर रुंद सीटच्या बुटक्या गाडीपेक्षा ती सोयीची पडते. हे कुठल्याच पत्रकात छापत नाहीत. बसल्याशिवाय कळत नाही.

जेट्टीजवळच्या सपाट जागेत बसले. दोन्ही तळवे टेकले, टाचा जेमतेम. तोवर जाळी शिवणारी मंडळी गोळा झालीच. "पाय टेकतान का गो?" पहिल्या आजोबांनी विचारलं, मग दुसऱ्यांनी, मग ज्यांना दिसत होतं त्यांनीही. समोर ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात रोहित पक्षी उभे होते, हिवाळ्याचे पाहुणे. पाय असावेत तर तसे.

मी खूश होते ती घराच्या गल्लीत शिरेपर्यंत. आमची गल्ली खाडीकडे उतरते. गाडी ओट्याला नाक लावून उभी केली आणि मग लक्षात आलं की सकाळी ती उलटी, चढावर, मागे ओढायची आहे. वजन 163 किलो. पुढे बसवलेले फूटरेस्ट पायाच्या वाटेत येतात, दर ढकलीला पोटरीवर एक टोला. अर्धा हात मागे सरकली आणि परत घरंगळली. आय दारातून म्हणाली, "म्हैस बरी, ती निदान आपली आपण उठते."

शुक्रवार, माहुल ते अलिबाग

पहाटे साडेपाचला बा आणि शेजारचा पोरगा, दोघांनी मिळून गाडी मागे ओढून दिली. स्वतंत्र स्त्रीच्या प्रवासाची सुरुवात.

माहुलच्या रस्त्यावर टँकरची रांग कधी मोडत नाही. 1955 साली बर्मा शेलची रिफायनरी इथे सुरू झाली, शेजारी पुढे एस्सो झालेल्या कंपनीची आदल्या वर्षीच झालेली. तेव्हापासून या गावाच्या वाटेला मीठ, मासळी आणि तेल. सिग्नलला टँकरच्या चाकाशेजारी थांबले, डावा पाय टाकला आणि तो खाली जातच राहिला. घाबरायला झालं. रस्ता मधे फुगीर असतो आणि कडेला उतरता. आपण डावीकडून चालतो, म्हणजे डाव्या पायाखालची जमीन कायम थोडी खोल. माझी 737 ची गाडी रस्त्याच्या कडेला 760 ची होते. उजवा पाय टाकावा तर मागचा ब्रेक सुटतो. वाशीपर्यंतच्या सिग्नलांवर एवढंच शिकले की उंच माणसं कडेला थांबतात ती त्यांना परवडतं म्हणून. मी लेनच्या मधोमध थांबायचं. मागचा भोंगा वाजवतो. वाजवू दे.

खाडीपुलावर वारा आडवा आला, पण क्रूझला समोर मोठी काच आहे आणि जड गाडी वाऱ्याला भीक घालत नाही. हँडल मागे वळलेलं, हात सैल. पाच मिनिटं वाटलं, हीच.

पुलावरून एक गोष्ट मनात आली. आमच्या किनाऱ्यावरून अटल सेतू दिसतो. 12 जानेवारी 2024 ला त्याचं उद्घाटन झालं, 21.8 किलोमीटर, सरळ. त्यावर दुचाकीला बंदी. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बंदी, समृद्धीवरही. क्रूझरची ठेवण जन्मली अमेरिकेच्या लांबलचक सरळ रस्त्यांसाठी: पाय पुढे, पाठ मागे, तासन्‌तास एकच गियर. बजाजने कावासाकीला हाताशी धरून 2001 साली एलिमिनेटर आणली, 2005 मध्ये अ‍ॅव्हेंजर, आणि ती ठेवण मराठी घरांच्या दारात आली. तिला शोभतील असे रस्तेही आले, पण तिला तिथे मज्जाव. मग ती जाते कुठे? पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्गाला, जिथे 2011 पासून रुंदीकरण चालू आहे.

कर्नाळ्यापर्यंत बरं होतं. पेणच्या अलीकडे खड्ड्यांनी ताब्यात घेतलं. साध्या मोटरसायकलवर खड्डा दिसला की माणूस फूटरेस्टवर किंचित उठतो, गुडघे धक्का पितात. इथे पाय पुढे, उठायला आधारच नाही. जो धक्का आला तो थेट माकडहाडाला. त्यातून माझे पाय तोकडे, मागचा ब्रेक चवड्याने नीट दाबायचा तर सीटवर पुढे सरकावं लागतं आणि पुढे सरकलं की पाठीचा बाक जातो. बुटक्यांना क्रूझर बरी असं सगळे सांगतात, कारण सगळे सीटच मोजतात. सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर कुणी सांगत नाही. खाली बसवलं, पण पाय लांब करायला लावले!

वडखळला चहा, वडापाव आणि गॅरेजवाले काका. त्यांनी मागच्या दोन्ही शॉकअपची कडी पान्याने फिरवून अगदी मऊ केली. भाऊ डबलसीट हिंडतो म्हणून ती कडक होती. मी बसले तर टाचा टेकल्या. "पण ब्रेकर जपून," काका म्हणाले, "बूड लागेल." पोयनाडच्या अलीकडे लागलंच.

कार्ले खिंडीच्या वळणांत मात्र गाडी लोण्यासारखी गेली. चालत्या गाडीला तुमची उंची माहीत नसते.

शनिवार, अलिबाग ते दिघी, मुक्काम मुरूड

चौलमध्ये रस्ता चुकले. दोन्ही बाजूंना पोफळीच्या वाड्यांचे दगडी गडगे, मध्ये बैलगाडीच्या रुंदीची वाट. वळवायला हवं. हँडल पूर्ण उजवीकडे फिरवलं तर डावं टोक इतकं लांब गेलं की क्लचवर फक्त बोटांची टोकं उरली आणि उजवं टोक पोटाशी. अर्धवट क्लच धरता येईना, गाडी गचके खाऊ लागली. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये 1490 मिलिमीटर, ती काही एका दमात वळणारी नाही. चार वेळा पुढे-मागे केलं. गडग्यावर बसलेली दोन मुलं मोजत होती, मोठ्याने.

तेव्हा गिरगावच्या पाडव्याची आठवण झाली. शोभायात्रेत नऊवारी नेसून, नथ घालून, गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो दर वर्षी छापून येतात. छान दिसतात. पण शोभायात्रा म्हणजे दर दहा पावलांना थांबणं, 195 किलो तोलून धरणं, तेही साडीत. फोटो काढणारे चेहरा काढतात. कधीतरी पाय काढा. त्या बायकांतल्या निम्म्या एकाच चवड्यावर उभ्या असतात आणि खरा पराक्रम तिथे चालू असतो.

रेवदंड्याचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. या पट्ट्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. म्हणजे गाडी सुखाने चालली.

घडलं आगरदांड्याला. तिथून दिघीला जंगलजेट्टीवरून फेरी जाते, गाड्यांसकट. जेट्टीचा उतार ओला होता, खालच्या टोकाला हिरवट शेवाळ. कोळ्याच्या पोरीने शेवाळ ओळखू नये? ओळखलं, पण उतारावर आल्यावर. पुढची रिक्षा फळीवर अडकली म्हणून मी थांबले. दोन्ही पाय टेकले, अगदी टाचांसकट, आणि उजवी टाच साबणावर पडल्यासारखी गेली. पाय टेकणं आणि पाय धरणं यात काय फरक आहे ते त्या क्षणी कळलं. गाडी थोडी कलली तेवढ्यात सावरता येते. एका मर्यादेपलीकडे 163 किलो कुणाचे नसतात. "ताई, सोडा, सोडा!" फेरीवरचा खलाशी ओरडला आणि मी सोडली. हे बरं केलं. धरून ठेवली असती तर पाय खाली गेला असता.

चूक सर्वस्वी माझी. उताराच्या वर, सपाटीवर थांबायचं, पुढची गाडी फेरीत गेली की मगच, पहिल्या गियरमध्ये, न थांबता उतरायचं.

उचलण्याची रीत मला त्या खलाशानेच शिकवली. गाडी उजव्या अंगावर पडलेली. आधी इंजिन बंद करून गियर टाकायचा, म्हणजे घरंगळत नाही. डावीकडचा साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उभी झाली की पलीकडे आडवी होत नाही. मग गाडीकडे पाठ करून, कंबर सीटच्या कडेला लावून, एका हाताने हँडल, एका हाताने मागची दांडी धरून पायांनी मागे चालायचं. हाताने उचलायची नाही, ढुंगणाने ढकलायची. (त्याने याहून साधा शब्द वापरला.) पहिल्यांदा तो मदतीला होता. दिघीला उतरल्यावर मी त्याला वाळूच्या पट्टीत गाडी मुद्दाम आडवी करायला लावली आणि एकटीने उचलली. दोनदा. मला वेड लागलंय असं लोकांना वाटलं असणार. भावाला फोन करून सांगितलं, पाडली. एकदा शेवाळावर, दोनदा मुद्दाम. तो बराच वेळ काही बोलला नाही.

रविवार, मुरूड ते माहुल

परतीला मांडव्याहून रो-रो पकडली. मार्च 2020 पासून ही बोट गाड्या घेऊन भाऊच्या धक्क्याला तासाभरात पोचवते. महामार्गाचे खड्डे वाचतात आणि माकडहाडाला सुट्टी मिळते. या वेळी वर सपाटीवर थांबले. मोटारी आत गेल्या, मग एका दमात उतार आणि फळी. पाय टेकलाच नाही.

वरच्या डेकवर वही काढून हिशेब मांडला. महिन्याला मी किती किलोमीटर चालवीन? शाळा तीन किलोमीटर, तिथे स्कूटर. उरले शनिवार-रविवार. त्यातले नव्वद टक्के तास गाडी चालती असेल आणि तेव्हा माझी तक्रार फक्त खड्ड्यांची. कुर्ल्याला सीटचा फोम पुढच्या बाजूने तासून आणि मागे एक उशी शिवून घेतली तर ब्रेकही पायाखाली येईल, पाठही टेकेल. फेरीचा उतार वर्षातून चारदा. मीटिअर मनात होती, पण ती 191 किलो, बसण्याआधीच ढकलण्याचा विचार करायला लावते. राहता राहिली रोजची एक गोष्ट, गल्लीतली. तिथे ना फोम उपयोगी, ना बूट. चार दिवस समुद्रकाठ हिंडून प्रश्न सापडला तो घराच्या दारात.

शिवडी, वडाळा, आणिक, मग ओळखीचा वास. गल्लीच्या तोंडाशी, वरच, गाडी बंद केली. खाली नेली नाही. बाला सांगितलं, गाडी घेईन, पण ठेवायला सपाट जागा नाही आणि नाक बाहेर करून लागेल अशी तर नाहीच.

बाने फक्त एवढंच विचारलं, "लांब किती?"

"2210 मिलिमीटर."

"माणसांच्या मापात सांग."

सोमवार, माहुल

सकाळी भाऊ गाडी न्यायला आला. उजव्या बाजूचे ओरखडे बोटाने मोजले, चहा प्याला, काही न बोलता गेला.

त्याला सोडायला वर गेले तर गल्लीच्या तोंडाशी, जिथे बाच्या जाळ्यांचा ढीग माझ्या जन्माआधीपासून आहे, तिथे ढीग नव्हता. जाळी शेजारच्या ओट्यावर. मोकळ्या सपाट जमिनीवर चुन्याचा एक लांबट चौकोन आखलेला आणि बा त्याच्या एका टोकाला उकिडवा बसून, दोन्ही हात फाकवून, दोरीवर वाव मोजत होता. सवा वाव भरली.