चेहरा नसलेले दुकान

हैदराबादेतील मराठी माणसास खरेदीच्या बाबतीत एक जुनी खोड आहे. वस्तू पारखण्यापूर्वी तो दुकानदारास पारखतो. सुलतान बाजारातील कापडवाला असो की बेगम बाजारातील भांडीवाला, त्याच्याशी दखनीत दोन-चार वाक्ये बोलल्याखेरीज आमचा हात खिशाकडे वळत नाही. सिकंदराबादेस पार्क लेनमधील चिनॉय ट्रेड सेंटरात संगणकाचे सुटे भाग घेण्यास जाऊ लागलो, तेव्हाही हीच रीत आम्ही तेथे नेली. रॅमची पट्टी घ्यावयाची तर ती आमच्यासमोर बसवून दाखवा, बिलावर तिचा क्रमांक लिहा, मग पैसे मोजतो! दुकानदार कुरकुरे, पण हा गृहस्थ उद्या पुन्हा समोर येऊन उभा राहील, हे त्यासही ठाऊक असे.

मोबाइलच्या पडद्यावरील दुकानाशी असे बोलणे होत नाही. तेथे चित्र असते, चांदण्या असतात आणि अनोळखी मंडळींनी केलेली स्तुती असते. त्या स्तुतीतील किती पदरी पैसे देऊन लिहवून घेतलेली, हे ओळखणे कठीण.

गेल्या वर्षी आमच्या घरी एक निकडीचे काम निघाले. आत्याबाईंना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आणि १९४८ च्या पोलीस कारवाईच्या दिवसांतील आठवणी अशा चौदा तासांच्या कॅसेटी आमच्याजवळ होत्या. फिती झिजू लागल्या होत्या. त्या संगणकावर उतरवून, घरच्या साऱ्या छायाचित्रांसह, एका डिस्कवर ठेवावयाच्या होत्या. धाकट्या चिरंजीवांनी दोन टेराबाइटची डिस्क मागविली. किंमत अवघी चौदाशे नव्व्याण्णव रुपये. नामांकित कंपनीची तेवढ्याच क्षमतेची डिस्क याच्या कितीतरी पट महाग असते. सौभाग्यवती म्हणाल्या, “इतक्या स्वस्तात सोनाराने मंगळसूत्र दिले असते तर आपण घेतले असते का?”

डबी आली. संगणकास जोडताच ‘दोन टेराबाइट’ असे सांगूही लागली. परंतु हे सांगणारी वस्तू म्हणजे आतील नियंत्रक चिप, आणि तिला खोटे बोलण्यास शिकविता येते. आत प्रत्यक्ष साठवण थोडीच असते. ती भरली की पुढचा मजकूर एक तर हवेत जातो, नाही तर आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. फाइलींची नावे मात्र जशीच्या तशी दिसत राहतात, आणि यातच खरा घात आहे. महिन्यांनी उघडून पाहावे, तर नाव आहे आणि आवाज नाही.

यावर उपाय सोपा व फुकट आहे. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफथ्री’ हे प्रोग्रॅम डिस्कवर मजकूर लिहून तो परत वाचून पाहतात. आत्याबाईंचा आवाज उतरविण्याआधी आम्ही ही परीक्षा लावली. पहिले एकोणतीस जीबी नीट वाचले गेले. पुढे सारे शून्य. अशा डब्या फोडणाऱ्यांना आत नखाएवढे मेमरी कार्ड गोंदाने चिकटवलेले आढळलेले आहे. आम्ही फोडली नाही. परत करावयाची होती.

(एक गोष्ट विक्रेत्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. अस्सल एक टेराबाइटची डिस्कही विंडोजमध्ये ९३१ जीबीच दाखविते. कारखानदार हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने. त्यासाठी कुणाशी भांडू नये.)

तक्रार नोंदविताच विक्रेत्याचा गोड निरोप आला: तक्रार तेवढी मागे घ्या, पैसे लगेच पाठवितो. ही युक्ती ओळखून ठेवण्यासारखी आहे. तक्रार मिटली आणि परतीची मुदत टळली, की निरोप थांबतात. सौभाग्यवतींनी उत्तर धाडले, “आधी पैसे, मग तक्रार.” विक्रेता गप्प झाला.

मग आम्ही कायदा उघडला. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार अशा बाजारपेठेस तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावयाचे असते. डबीचे छायाचित्र, परीक्षेचा निकाल व बिल जोडून आम्ही त्यास लिहिले आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक सोय केली आहे. विक्रेता कोठल्याही गावचा असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे गुदरता येते. वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्कही नाही. आमच्यावर तेथवर जाण्याची पाळी आली नाही. तेविसाव्या दिवशी पैसे जमा झाले.

दुरुस्तीच्या नावाखाली चालणारी लबाडी याहून वाईट. शोधयंत्रात सापडलेला ‘ग्राहक सेवे’चा क्रमांक पुष्कळदा भामट्याचाच असतो. तो आपला पडदा त्यास दिसेल असे ॲप बसविण्यास सांगतो आणि बँकेचे खाते रिकामे करितो. कंपनीचा क्रमांक बिलावरून अगर तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० वर कळवावे.

डिस्क अखेर चिनॉयमधूनच आणिल्या, दोन. एक आमच्या कपाटात, दुसरी नांदेडला मेहुण्यांकडे. तिसऱ्या कॅसेटीत एक ओवी अर्ध्यावर तुटते. दारात भाजीवाली आलेली असते, आणि आत्याबाई तिला तराजू नीट धरावयास सांगत सव्वा मिनिट खडसावतात. चिरंजीव तेवढा भाग कापणार होते. आम्ही कापू दिला नाही.