उसण नव्हतीच

‘‘पाठच दुखतेय ना? मग एवढा आरडाओरडा कशाला?’’ लाखांदूर तालुक्यातल्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला हे वाक्य ऐकावं लागलं तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर बसून होती. आडवं होता येत नव्हतं. तिच्या चुलतीला, म्हणजे प्रस्तुत लेखिकेला, ते अजून सलतं.

जुलैची झड आणि गुत्त्याने घेतलेली रोवणी. दिवसभर बांधीतल्या गार पाण्यात वाकून पऱ्हे रोवायचे, पाणी प्यायलाही उसंत नाही. सांजेला दोन्ही फऱ्यांच्या मध्ये कळ उठली, श्वास घेतला की वाढायची. गावाचं निदान तयारच होतं: उसण भरली. त्यावरचा उपायही ठरलेला. शेजारचे पायाळू आजोबा आले, उंबऱ्यात बसवून तिच्या पाठीला तीनदा लाथ लावून गेले. नंतर तेल, शेक. शेकाने तिला जरा बरं वाटलं, हे मान्य करायला हवं.

रात्री दवाखाना. एक्स-रे काढला, तो साफ. ‘‘हिवाळ्यातही हीच आली होती. सुई घेऊन गेली. सवय लागते यांना,’’ असं कर्मचारी एकमेकांत बोलले, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. पाठीला बर्फ लावायला सांगितला. ती रडायची थांबली, तर ‘बघा, बरं वाटलं’. पुन्हा कण्हली, तर ‘नाटक’. मुलगी तरणी आणि गरीब असली की तिच्या दुखण्याला साक्षीदार लागतो. एखाद्या ठेकेदाराच्या पाठीत कळ आली असती तर ईसीजी नक्की निघाला असता. तिचा निघाला नाही. तिचे डोळे पिवळट होते, लहानपणी हातापायांची बोटं सुजायची, हे वहिनी, म्हणजे तिची आई, सांगू पाहत होत्या. कोणी वहीत उतरवलं नाही.

पहाटे ताप चढला, धाप लागली. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी ऑक्सिजन मोजला, मग डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि घरात कोणाला सिकलसेल आहे का, हे विचारलं. विद्राव्यता चाचणी झाली, पुढे इलेक्ट्रोफोरेसिसने शिक्कामोर्तब झालं.

पूर्व विदर्भात हा आजार नवा नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडाची उपासमार होते. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसतं, उपाशी राहिलेलं सुरुवातीला दिसत नाही. अंगातलं पाणी कमी होणं, गारठा, अतिश्रम, ताप ही निमित्तं. आणि रोवणीत त्यांतली बहुतेक एकाच दिवशी भेटतात. बर्फ अशा वेळी घातकच. कळ छातीत-पाठीत असून ताप आणि धाप सोबत असेल, तर फुप्फुसात गुंता झालेला असू शकतो. तो जीवावर बेततो. तिला ऑक्सिजन, सलाईन, प्रतिजैविकं, रक्त आणि पुरेशी वेदनाशामकं मिळाली.

प्रत्येक उसण म्हणजे सिकलसेल नव्हे, हेही खरं. ओझं उचलून स्नायू आखडला असेल तर शेक, हलकी हालचाल आणि थोड्या दिवसांचा धीर पुरतो. अंथरूण धरल्याने पाठ उलट ताठते. पण घाम, धाप, डाव्या हातात वा जबड्यात जाणारी कळ, ताप, पायांना बधिरपणा किंवा लघवी अडणं, यांतलं एक जरी असलं तरी तेलाची बाटली बाजूला ठेवून दवाखान्याची गाडी पकडावी. साठीच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पोरींच्या बाबतीत घरंही ढिली पडतात.

आता ती हायड्रॉक्सियुरिया घेते, पाण्याची बाटली सोबत ठेवते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज केलाय. फोटो दोनदा मागितला. पायाळू आजोबांचा विषय निघाला की लेखिका चिडते. मुलीला मात्र त्यांचा राग नाही. ‘‘त्यांनी निदान दुखते म्हणून ऐकलं तरी,’’ ती म्हणते.

सध्या घरात वाद वेगळाच आहे. स्थळ आलंय. मुलाची सिकलसेल तपासणी आधी करा, असं तिचं म्हणणं. तो वाहक निघाला तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी. वहिनी म्हणतात, हे बोललो तर स्थळ उठून जाईल. जाऊ दे, ती म्हणते. पुढच्या रविवारी पाहुणे येणार आहेत, आणि विषय कोणी काढायचा हे अजून ठरलेलं नाही.