९१३४०१ म्हणजे हफेई!

गोंदियाच्या राईस मिलमध्ये बसून चीनमधल्या कारखान्याची सरकारी नोंद उघडून बघता येते, तीही फुकट, हे मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही!

हफेई हे चीनच्या आनहुई प्रांतातलं शहर. तांदळातला काळा, डागी दाणा कॅमेऱ्यानं टिपून हवेच्या झोतानं बाजूला उडवणारं मशीन बनवणारे कितीतरी कारखाने तिथं आहेत. कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे सगळे त्या मशीनला सॉर्टेक्सच म्हणतात. दाणा उडवणारे इजेक्टर झिजतात आणि वरचेवर बदलावे लागतात. सुटे घेतले की महाग पडतात, म्हणून दादानं ठरवलं की ओळखीच्या चार-पाच मिलवाल्यांनी मिळून ते थेट हफेईहून घाऊकच मागवायचे. व्हॉट्सॲपवर दोन ठिकाणचे भाव आले. दोघांचेही कारखान्याचे फोटो चकाचक आणि लायसन्सचे फोटोही सोबत. दादा म्हणाला, "जीएसटीचं तूच बघतेस ना, मग हे खरे आहेत की नाही तेही तूच बघ."

धानाच्या सौद्यात आपल्याला अशी वेळ येत नाही. दलाल ओळखीचा असतो, त्याचे वडील आपल्या आजोबांना ओळखत असतात, आणि तुमसरला किंवा बालाघाटला एखादा नवा माणूस निघालाच तर एका फोनवर त्याची सगळी कुंडली कळते. हफेईत फोन कुणाला लावायचा?

आणि तेवढ्यात लायसन्सच्या फोटोवरचा तो नंबर दिसला. चिनी लायसन्सवर अठरा खुणांचा एक नंबर असतो, थोडे आकडे, थोडी इंग्रजी अक्षरं. ऑक्टोबर २०१५ पासून तिथल्या प्रत्येक कंपनीला असा एकच नंबर मिळतो. आता आपल्या जीएसटी नंबरची गंमत आठवा. सुरुवातीला २७ दिसलं की पार्टी महाराष्ट्रातली, २३ म्हणजे मध्य प्रदेश, २२ म्हणजे छत्तीसगड. गोंदियाला दोन्ही राज्यं लागून असल्यामुळे रोजच्या बिलांत हे तिन्ही आकडे माझ्या डोळ्यांसमोरून जातात. चिनी नंबरही असाच वाचता येतो! ९१ म्हणजे बाजार खात्याकडे नोंदलेली कंपनी. पुढचे सहा आकडे नोंदणीच्या जागेचे: ३४ म्हणजे आनहुई, ३४०१ म्हणजे हफेई. नंतरच्या नऊ खुणा त्या कंपनीच्या स्वतःच्या. आणि अठरावी खूण आधीच्या सतरांवरून गणितानं निघते.

ते गणित मी एक्सेलमध्ये बसवलं. पहिल्या खुणेला १ नं गुणायचं, दुसरीला ३ नं, तिसरीला ९ नं, चौथीला २७ नं. दर वेळी तिप्पट, आणि ३१ च्या वर गेलं की ३१ नं भागून बाकी घ्यायची, म्हणून पाचवीला १९. सगळी बेरीज ३१ नं भागायची आणि जी बाकी उरेल ती ३१ मधून वजा करायची. आलेलं उत्तर शेवटच्या खुणेशी जुळायला हवं. जुळलं! मिलच्या त्या धडधडाटात मी अक्षरशः ओरडले. आणि हो, आय, ओ, एस, व्ही आणि झेड ही पाच अक्षरं या नंबरात कधीच येत नाहीत. दुसऱ्या लायसन्सच्या फोटोत मधोमध ठसठशीत ओ छापलेला होता. त्यांना फक्त एवढंच विचारलं की हा नंबर पुन्हा एकदा तपासून पाठवाल का. त्यानंतर तिकडून निरोप नाही.

खरा नंबर चीन सरकारच्या कंपनी नोंदणीच्या साइटवर टाकला. सगळं चिनीत, पण मोबाईलचं भाषांतर कामापुरतं पुरतं. काय नाही तिथं! स्थापनेची तारीख, पत्ता, कायदेशीर प्रतिनिधी, आणि कंपनीचा पत्ता सापडत नसेल किंवा वार्षिक अहवाल भरलेला नसेल तर तसा शेराही. मला सगळ्यात मोलाचा वाटला तो व्यवसायाचा रकाना. त्यात उत्पादन लिहिलंय की नुसती विक्री, यावरून समोरचा कारखानदार आहे की मधला व्यापारी, याचा चांगला अंदाज येतो. व्यापारी असणं हा काही गुन्हा नाही, पण मग कारखान्याचे फोटो कुणाचे, हे विचारता येतं. भांडवलाच्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नका. २०१४ पासून तिथं भांडवल आधी नुसतं कबूल करता येत होतं, भरायचं नंतर. १ जुलै २०२४ च्या नव्या कायद्यानं ते भरायला पाच वर्षांची मुदत घातली आहे.

कायद्यानं मोजलं जातं ते कंपनीचं चिनी नाव. इंग्रजी नाव ज्याचं त्यानं ठेवलेलं. म्हणून करारावर चिनी नाव हवंच, आणि खाली मधोमध तारा असलेला गोल लाल शिक्का. शिक्क्यातलं चिनी नाव आणि लायसन्सवरचं नाव मी मोठं करून एकेक अक्षर जुळवलं. वाचता एकही येत नाही, पण चित्रं जुळवायला वाचता कशाला यायला हवं!

पण नंबर खरा निघाला म्हणजे बोलणारा माणूस त्याच कंपनीचा, असं होत नाही. खऱ्या कंपनीचं लायसन्स कुणीही उचलून पाठवू शकतो. म्हणून वार्षिक अहवालात दिलेल्या फोनवर दादानं फोन लावला, आणि जिच्याशी बोलणं चाललं होतं ती बाई तिथंच काम करते याची खात्री करून घेतली. मग व्हिडिओ कॉलवर तिला कारखान्यात फिरायला लावलं आणि इजेक्टर तपासायचं टेबल दाखवायला लावलं.

बँकेचा कोड वाचायचा तर अजून सोपा. स्विफ्ट कोडातली पाचवी-सहावी अक्षरं देशाची असतात, सी एन म्हणजे चीन, एच के म्हणजे हाँगकाँग. आम्हाला आधी खातं आलं ते एका व्यक्तीच्या नावाचं. दादानं सरळ सांगितलं, पैसे कंपनीच्याच नावावर जातील. दुसऱ्या दिवशी कंपनीचं खातं आलं, नाव लायसन्सप्रमाणे. खातं ऐन वेळी बदललं असा मेल आला तर मेलला उत्तर न देता फोनच करायचा, हेही घरात ठरवून टाकलंय, कारण मेल चोरून खातं बदलणारे खऱ्या कंपन्यांच्याही व्यवहारात घुसतात. आगाऊ रक्कम थोडी, बाकीची माल चढल्यावर. रक्कम मोठी असेल तर बँकेची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट) आणि माल चढण्याआधी एसजीएससारख्या संस्थेची तपासणी, खर्च होतो पण करावी.

आणि ऐका, त्यांनीही आमचा आयईसी मागितला! आपला आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या साइटवर कुणालाही तपासता येतो. म्हणजे आम्ही त्यांची नोंद उघडत होतो तेव्हा तिकडे हफेईत कुणीतरी गोंदियाच्या या मिलची नोंद उघडत होतं. मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

आता थायलंड, व्हिएतनाम, ब्रिटन, जिथल्या नोंदी उघडतात त्या उघडून बघणं चालू आहे. ब्रिटनच्या कंपनीज हाउसवर तर संचालकांची नावं आणि वर्षावर्षाचे हिशेबही फुकट दिसतात. देवरी, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, कुठल्याही मिलवाल्याकडे परदेशी कंपनीच्या लायसन्सचा फोटो पडून असेल तर पैसे पाठवायच्या आधी मला दाखवा. एक्सेलची शीट तयार आहे.